नोटा, हुंडणावळ आणि उप्सालाचें विद्यापीठ

जगांतील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक कोणती, असें विचारलें तर पुष्कळ सुशिक्षित माणसें 'बँक ऑफ इंग्लंड' असें उत्तर चटकन् देतील. हें उत्तर सव्वीस वर्षांनीं चुकतें. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ सालची; स्वीडनची रिक्सबँक १६६८ सालीं निघाली आणि ती अद्यापि चालू आहे. शिवछत्रपति आग्र्याहून निसटून स्वदेशीं परत आले त्यास तेव्हां उणींपुरीं दोन वर्षें लोटलीं होतीं, आणि राज्याभिषेकास अजून सहा वर्षांचा अवकाश होता. एवढी जुनी संस्था एखाद्या मोठ्या दर्यावर्दी व्यापारी राष्ट्रांत न निघतां उत्तरेकडील थंड, विरळ वस्तीच्या आणि बव्हंशीं शेतकऱ्यांच्या देशांत निघावी, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते. परंतु तिचीं कारणें पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, अडचण ज्याची मोठी त्याचाच उपाय पहिला.

अलीकडे मध्यवर्ती बँकांचे अधिकारी व त्या बँकांच्या इतिहासाचे अभ्यासक यांची एक लहानशी परिषद उप्साला येथें भरली होती. तींत श्रोते म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. परिषदांतून जें होतें तेंच येथेंही झालें. व्याजाचा दर, महागाईची मर्यादा, बँकेचें स्वातंत्र्य व लोकांचा भरंवसा हे चार शब्द आळीपाळीनें प्रत्येक वक्त्याच्या तोंडून निघाले. निबंध विद्वत्तापूर्ण होते यांत संशय नाहीं; पण त्यांतील पुष्कळांचा आरंभ १९७० नंतरच्या काळापासून होई, जणूं काय त्यापूर्वीं पैसा या वस्तूची काळजी कोणी केलीच नव्हती. वास्तविक ज्या गांवांत आम्ही बसलों होतों त्याच गांवांतील एका शिक्षकानें हाच प्रश्न १७६१ सालीं आपल्या विद्यार्थ्यांपुढें उकलून दाखविला होता. त्याचें नांव त्या दिवसांत एकदांच, आणि तेंही ओझरतें, निघालें. तेव्हां त्या शिक्षकाची व त्याच्या काळची हकीकत वाचकांपुढें सविस्तर मांडावी असें आमच्या मनानें घेतलें.

प्रथम गांवाविषयीं दोन शब्द. उप्साला हें स्टॉकहोमच्या उत्तरेस सुमारें सत्तर किलोमीटरांवर आहे. मधून फ्यूरिस नांवाची लहानशी नदी वाहते. एका तीरावर बाजारपेठ व व्यापाऱ्यांची वस्ती, तर दुसऱ्या तीरावर देवालय, वाडा आणि विद्यापीठ. आपल्याकडील क्षेत्राच्या गांवीं नदीच्या एका अंगास पेठ व दुसऱ्या अंगास ब्राह्मणआळी असावी, तशीच ही मांडणी. विद्यापीठाची स्थापना आर्चबिशप याकोब उल्व्हसन यांनीं १४७७ सालीं केली. १७०२ च्या आगींत गांवाचा मोठा भाग जळून गेला. वनस्पतींचें वर्गीकरण करणारा लिनीअस येथेंच शिकवीत असे व येथल्याच कॅथेड्रलमध्यें त्याचें दफन झालें आहे; उष्णतामापकाशीं ज्याचें नांव जोडलें गेलें तो सेल्सियसही येथलाच. परंतु पैशाच्या इतिहासाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, १७४१ सालीं या विद्यापीठानें अर्थशास्त्राचें एक अध्यापकपद निर्माण केलें. जर्मन मुलखाबाहेर असें पद तेव्हां फारच क्वचित् आढळे. त्या पदावर आंडर्स बेर्क याची नेमणूक झाली. कायदा, व्यापार व अर्थ हे तिन्ही विषय एकाच माणसानें शिकवावे अशी व्यवस्था होती. आजच्या विशेषज्ञांना ती हास्यास्पद वाटेल, आम्हांस मात्र तींत कांहीं शहाणपण दिसतें.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतींत एक नाणेसंग्रह आहे. स्वीडनच्या बँकेचा जन्म कां झाला हें समजावयाचें असेल तर तेथील नाण्यांकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. स्वीडनमध्यें सोनें नाहीं, रुपें थोडें, पण फालूनच्या खाणींत तांबें मुबलक होतें. तेव्हां नाणें तांब्याचेंच पाडावें, म्हणजे तांब्याला गिऱ्हाईकही मिळेल व भावही टिकेल, असा सरकारनें विचार केला. तांब्याचें नाणें रुप्याच्या नाण्याइतक्या मोलाचें व्हावयाचें तर तें त्या मानानें जड असलें पाहिजे. म्हणून राणी क्रिस्टिना हिच्या कारकीर्दींत १६४४ पासून तांब्याचे चौकोनी पत्रेच नाणीं म्हणून चालूं लागले. पत्र्याच्या चारी कोंपऱ्यांवर व मध्यभागीं राजमुद्रा ठोकलेली असे. दहा दालरांच्या पत्र्याचें वजन सुमारें वीस किलो भरे. आपली शिवराई चिमटींत मावे. येथें एक नाणें उचलावयास धट्टाकट्टा गडी पाहिजे, आणि थोडीशी मोठी रक्कम द्यावयाची झाल्यास गाडी जोडली पाहिजे! असें नाणें चोरास नेतां येत नाहीं हा एक गुण खरा. पण तें मालकासही नेतां येत नाहीं, त्याची वाट काय?

या पत्र्यांचा हिंदुस्थानाशीं एक अनपेक्षित संबंध आहे. काळांतरानें कागदी दालर स्वस्त होऊन त्यापेक्षां पत्र्यांतील तांबेंच अधिक किमतीचें ठरलें, तेव्हां हे पत्रे धातु म्हणून परदेशीं जाऊं लागले. १७८३ सालीं 'निकोबार' नांवाचें एक डेन्मार्कचें जहाज असेच पुष्कळ पत्रे भरून तरंगमबाडीकडे निघालें असतां आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापाशीं फुटलें. तरंगमबाडीची वखार तंजावरच्या राज्यांतील जागेवर होती, आणि त्या वेळीं तंजावरास व्यंकोजी राजांचे वंशज तुळजाजी राज्य करीत होते. जहाज सुखरूप पोंचतें तर स्वीडनच्या राजांच्या मुद्रा असलेलें तें तांबें कावेरीकांठच्या तांबटांच्या भट्ट्यांत कदाचित् वितळलें असतें. तें दोनशें वर्षें समुद्राच्या तळाशीं राहिलें व विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणबुड्यांनीं वर काढलें.

असो. या जड नाण्याच्या त्रासांतूनच यूरोपांतील पहिल्या बँकनोटा जन्मास आल्या. योहान पाल्मस्ट्रुक हा मूळचा रीगाचा रहिवासी. आम्स्टरडॅममध्यें व्यापार करून व कर्जापायीं तुरुंगाची हवा खाऊन तो स्वीडनमध्यें आला होता. बोलका, कल्पक आणि पुढचा विचार थोडा कमी करणारा, अशा माणसांपैकीं तो एक असावा. १६५६ सालीं त्यानें राजाची सनद मिळवून स्टॉकहोममध्यें पेढी काढली. १६६० मध्यें सरकारनें पत्र्यांचें वजन कमी केलें, तेव्हां ज्यांनीं जुने जड पत्रे पेढींत ठेवले होते ते सर्व एकदम परत मागूं लागले. पाल्मस्ट्रुकनें ते पत्रे कर्जाऊ देऊन टाकले होते. मग त्यानें १६६१ सालीं छापील कागद काढले. कागद आणून देणारास त्यावर लिहिलेली रक्कम पेढी देईल, एवढाच त्यावरील मजकुराचा अर्थ. लोकांना ते फारच सोयीचे वाटले. गाडीचें काम खिशानें होऊं लागलें, मग कोणास तें नको होईल? परंतु कागद छापण्यास खाण खणावी लागत नाहीं. पाल्मस्ट्रुक कर्जें देत गेला, कागद वाढत गेले, आणि दोन-तीन वर्षांतच लोक कागद घेऊन पेढीच्या दाराशीं उभे राहिले. देण्यास तांबें नव्हतें. १६६८ सालीं पाल्मस्ट्रुकला मृत्यूची शिक्षा सांगण्यांत आली. ती पुढें कमी करून त्यास कैदेंत ठेवलें, १६७० त सोडलें व पुढच्याच वर्षीं तो वारला.

पेढी बुडाली, पण पेढीची गरज बुडाली नाहीं. म्हणून १६६८ च्या सप्टेंबरांत राष्ट्रसभेनें स्वतःच्या हमीवर नवी बँक काढली. तीच आजची रिक्सबँक. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. ही बँक राजाची नव्हे, तर राष्ट्रसभेची. राजानें खजिना रिकामा पडल्याबरोबर बँकेंत हात घालूं नये म्हणून तिची मालकी व देखरेख सभेकडे ठेवली होती. त्या सभेचे चार वर्ग असत: सरदार, धर्मगुरु, नागरिक व शेतकरी. पहिल्या तीन वर्गांनीं बँकेची जबाबदारी पत्करली. शेतकऱ्यांनीं अंग काढून घेतलें. पाल्मस्ट्रुकच्या अनुभवानंतर त्यांना दोष कसा द्यावा? आणि नव्या बँकेस नोटा काढण्याचीच मनाई होती! दुधानें तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याचा हा प्रकार. १७०१ पासून मात्र हळूहळू बँकेच्या पावत्या पुन्हा पैशासारख्या फिरूं लागल्या. मध्यंतरीं बारावा चार्ल्स राजा सर्व युरोपाशीं लढत असतां त्याचा मंत्री गोर्ट्स यानें तांब्याच्या चकत्यांना रुप्याच्या दालराची किंमत देऊन त्या बेसुमार पाडल्या. राजा १७१८ त मेला आणि १७१९ त गोर्ट्सचें शीर तोडण्यांत आलें. चलनाच्या कामांत स्वीडिश लोक शिक्षेची हयगय करीत नसत, एवढें खरें.

बारावा चार्ल्स मेल्यावर राजसत्ता खालावली आणि राष्ट्रसभा प्रबळ झाली. सभेंत दोन पक्ष पडले. एकास 'हॅट' व दुसऱ्यास 'कानटोपी' अशीं नांवें मिळालीं. हॅट म्हणजे लष्करी सरदाराची तिकोनी टोपी, आणि कानटोपी म्हणजे म्हातारे निजतांना घालतात ती. नांवें कोणीं कोणास दिलीं असतील हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. आपण मराठे लोक सरसकट सर्वच युरोपियनांस टोपीकर म्हणत आलों. पण टोपीकरांच्या एका राष्ट्रांत टोपीच्या आकारावरून कित्येक वर्षें राजकारण चाललें होतें, ही गंमत पुष्कळांस ठाऊक नसेल.

हॅटवाले १७३८ नंतर अधिकारावर आले व १७६५ पर्यंत टिकले. त्यांचे बेत भव्य होते. रशियापासून गेलेला मुलूख परत घ्यावा, देशांत कारखाने उभारावे, लोखंडाच्या व्यापाऱ्यांस उत्तेजन द्यावें. या सर्वांस पैसा लागतो. तो बँकेनें नोटांच्या रूपानें पुरवावा. कारखानदारास माल तारण ठेवून कर्ज, जमीनदारास जमीन तारण ठेवून कर्ज, सरकारास लढाईसाठीं कर्ज. १७४१ तील रशियाबरोबरचें युद्ध अंगाशीं आलें. १७४५ सालीं नोटांच्या बदल्यांत धातु देणें बँकेनें बंद केलें. पुढें १७५७ पासून पाच वर्षें प्रशियाबरोबर आणखी एक निष्फळ युद्ध झालें आणि नोटांचा पूर दुथडी भरून वाहूं लागला. रुपें गेलें, तांबें गेलें, अगदीं हलक्या रकमांसाठींही कागदच हातीं येऊं लागला. हांबुर्गवरील हुंडी घेण्यास पूर्वीं जितके दालर पडत त्याच्या दुपटीहून अधिक पडूं लागले. देशांतील सर्व जिनसा महागल्या.

याचें कारण काय? हॅटवाल्यांचें उत्तर ठरलेलें होतें. लोक चैनी झाले आहेत. परदेशी माल फार येतो व स्वदेशी माल थोडा जातो, म्हणून देणें वाढतें, हुंडणावळ चढते आणि तिच्यामुळें महागाई होते. नोटांचा यांत कांहीं संबंध नाहीं! उपायही त्याला साजेसे निघाले. परदेशी कापडावर निर्बंध, फितींवर निर्बंध. १७५६ सालीं कॉफी पिण्यावरही बंदी आली. निवडक सावकारांची एक मंडळी नेमून तिच्याकडून हुंडणावळ दाबून धरण्याचा प्रयत्न झाला; सरकार पैसे पुरवी तोंपर्यंत हुंडणावळ दबे, पैसे संपतांच पुन्हा उसळे. बँकेचा कारभार तर शपथेनें गुप्त ठेवलेला, त्यामुळें बाहेरच्या माणसास हिशेब पाहण्याचीही सोय नव्हती.

अशा वेळीं पेर निक्लास क्रिस्टिएर्निन हा उप्सालाच्या विद्यापीठांत दुय्यम अध्यापक होता. वय पस्तीसच्या घरांत. 'स्वीडनच्या राज्यांत चढलेली हुंडणावळ' या विषयावर त्यानें व्याख्यानें दिलीं व त्यांचा गोषवारा १७६१ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याचें पहिलें म्हणणें हॅटवाल्यांच्या मुळावरच घाव घालणारें होतें. तो सांगतो कीं, हुंडणावळ चढली म्हणून महागाई झाली हें म्हणणें उलटें आहे. नोटा अतोनात झाल्या म्हणून नोटेची किंमत उतरली. ती जशी धान्याच्या व कापडाच्या मानानें उतरली तशीच परदेशच्या नाण्याच्या मानानेंही उतरली. हुंडणावळ हा रोग नसून रोगाचें लक्षण आहे. कॉफी बंद करून नोटा कमी होत नाहींत. आज हें शाळेंतील मुलासही उमजेल. पण इंग्लंडांत हाच वाद होऊन रिकार्डोनें आपलीं प्रसिद्ध पत्रें लिहिलीं तीं १८०९ सालीं, म्हणजे क्रिस्टिएर्निनच्या मागून जवळ जवळ पन्नास वर्षांनीं, हें विसरून चालणार नाहीं.

तथापि आमच्या मतें क्रिस्टिएर्निनची खरी थोरवी या पहिल्या भागांत नाहीं. नोटा फार झाल्या हें ओळखणारे दुसरेही होते. कानटोपीवाले तर तेंच ओरडून सांगत होते. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: नोटा वाढवून पाप केलें, आतां नोटा कमी करून प्रायश्चित्त घ्यावें, आणि हुंडणावळ पूर्वीच्या दरावर आणून ठेवावी, म्हणजे राष्ट्राची अब्रू राहिली. येथें क्रिस्टिएर्निन थबकतो. तो म्हणतो, किंमती चढतात तशा सुखासुखी उतरत नाहींत. मजुरास काल मिळत होते त्याहून आज कमी घे म्हटलें तर तो घेत नाहीं. मग मालक त्यास कामावरून दूर करतो. माल उतरत्या भावांत विकावा लागला कीं कारखाना बंद पडतो. आणि ज्यानें स्वस्त दालराच्या काळांत कर्ज काढलें त्याला तें महाग दालरांत फेडावें लागतें.

हें शेवटचें कलम उदाहरणानें स्पष्ट करूं. एखाद्या शेतकऱ्यानें दहा पोतीं धान्याच्या किमतीइतकें कर्ज काढून बैल घेतले असें समजा. पुढें सरकारनें चलन आकसून धान्याचा भाव निम्म्यावर आणला. कागदावर कर्जाचा आंकडा तोच. पण फेडण्यास आतां वीस पोतीं लागतील. सावकारानें अधिक कांहीं दिलें नाहीं, शेतकऱ्यानें अधिक कांहीं घेतलें नाहीं, तरी दहा पोतीं एकाच्या कोठारांतून निघून दुसऱ्याच्या कोठारांत गेलीं. चलन फुगवून जो अन्याय धनकोवर झाला होता त्याची भरपाई म्हणून तितकाच अन्याय ऋणकोवर करावयाचा. आणि बहुधा तो पहिला धनको व हा दुसरा ऋणको यांचा एकमेकांशीं काडीचाही संबंध नसतो! म्हणून क्रिस्टिएर्निनचा सल्ला असा कीं, नोटांची वाढ थांबवा, पण हुंडणावळ आज आहे तेथेंच स्थिर करा. झालेलें झालें, जुन्या दराचा हट्ट धरूं नका.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांना १९२६-२७ सालचा रुपयाचा वाद ऐकून ठाऊक असेल त्यांच्या ध्यानांत हें तत्काळ येईल. रुपया सोळा पेन्सांचा असावा कीं अठरा पेन्सांचा, यावरून तेव्हां मुंबईंत रान उठलें होतें. १९२७ च्या कायद्यानें अठरा पेन्सांचा दर कायम केला, आणि चढ्या रुपयानें शेतकऱ्याच्या मालाचा भाव उतरतो व कर्ज मात्र तेंच राहतें, ही तक्रार नंतर वर्षानुवर्षें चालू राहिली. त्याच्या आधीं १९२३ सालीं डॉ. आंबेडकरांनीं 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथांत चलनाची वाढ अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोंपविण्यास कसून विरोध केला होता. मुंबईच्या या वादांत बोलणाऱ्यांपैकीं किती जणांना क्रिस्टिएर्निन ठाऊक असेल, कोण जाणे.

१७६५ सालीं हॅटवाले पडले व कानटोपीवाले आले. त्यांनीं प्रथम सूड उगवला. हुंडणावळीच्या मंडळींतील सावकारांवर खटले झाले, जबर दंड झाले; स्टॉकहोमचा नगराध्यक्ष गुस्ताव्ह शीर्मान यास जन्मठेप देऊन मार्स्ट्रांडच्या किल्ल्यांत डांबलें, तेथेंच तो १७६६ त मेला. नंतर त्यांनीं चलन कमी करून हुंडणावळ टप्प्याटप्प्यानें जुन्या दरावर आणण्याची योजना मंजूर केली.

या सभेंत धर्मगुरूंच्या वर्गातर्फें निवडून आलेला एक तरुण उपाध्याय होता. त्याचें नांव आंडर्स शिडेनियस. फिनलंड तेव्हां स्वीडनच्या राज्यांत मोडे. तेथील एका आडगांवच्या चर्चमध्यें हा सेवेस होता, आणि त्याच्या शिक्षणाचा कांहीं काळ उप्सालांत गेला होता. तो स्वतः कानटोपीवाल्यांच्या बाजूचा. तरीही स्वपक्षाची योजना देशास बुडवील असें दिसतांच त्यानें १७६६ सालीं पुस्तिका लिहून तीवर टीका केली. नोटेस आज बाजारांत जी किंमत आहे तीच कायद्यानें मान्य करा, असें त्याचें सांगणें. सभेनें एकदां ठरविलेल्या गोष्टीवर सभासदानें छापून टीका केली, हा अपराध मोठा ठरला. त्याच्याच वर्गानें, म्हणजे धर्मगुरूंनीं, त्यास सभेंतून काढून टाकलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याच सभेनें मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला. तो घडवून आणण्यांत शिडेनियसचा हात मोठा होता. ज्यानें सर्वांची तोंडें मोकळीं केलीं तो स्वतः तोंड उघडल्याबद्दल घरीं बसला होता.

पुढें व्हावयाचें तें झालें. नोटा दुर्मिळ होणार व दालर महागणार हें सर्वांस आधींच कळल्यामुळें कोणीही नोट हातची सोडीना. हुंडणावळ जी कित्येक वर्षांत उतरावयाची ती दोन-अडीच वर्षांत धाडकन् कोसळली. लोखंडाच्या भट्ट्यांच्या मालकांनीं कर्जें महागाईच्या काळांत काढलेलीं; त्यांचा माल परदेशच्या नाण्यांत विकला जाई व त्याचे आतां निम्मे दालर हातीं येत. दिवाळीं निघालीं, मजूर बेकार झाले. १७६८ च्या डिसेंबरांत राजा आडोल्फ फ्रेडरिक यानें, सभा तातडीनें बोलावीत नाहीं तोंवर मी राज्यच करीत नाहीं, असें सांगून कांहीं दिवस सिंहासन सोडलें. सरकारचीं कामें अडलीं. १७६९ त सभा भरली आणि कानटोपीवाले पडले. क्रिस्टिएर्निननें वर्तविलेलें संकट एका ओळीचाही फरक न पडतां खरें झालें होतें. पण अशा भविष्यवेत्त्यांस पुढें मानाचें पान मिळतें असा इतिहासाचा अनुभव नाहीं.

वादाचा निकाल लागला तो सभेच्या हातून नव्हे. १७७२ सालीं तिसऱ्या गुस्ताव्हनें सैन्याच्या बळावर सभेची सत्ता मोडली. त्याचा अर्थमंत्री योहान लिल्येनक्रांट्स यानें १७७६ त चलनाची पुनर्घटना करून रुप्याचें प्रमाण सुरू केलें. जुन्या दरानें नऊ तांबडे दालर म्हणजे एक रुप्याचा रिक्सदालर. लिल्येनक्रांट्सनें अठरा दालरांस एक असा दर बांधला. म्हणजे नोटेच्या निम्म्या किमतीवर सरकारनें चक्क पाणी सोडलें. राष्ट्राची अब्रू कोठें गेली नाहीं. नोटांस रुपें मिळूं लागलें व बाजार चालूं लागला. हें पंधरा वर्षांपूर्वीं, एवढीं घरें बुडण्याच्या आधीं, करतां आलें असतें.

यानंतर शंभर वर्षें उप्सालांत पैशाविषयीं विशेष विचार झालेला दिसत नाहीं. १८८० सालीं मात्र गांवांत वादळ उठलें. क्नूट विक्सेल या गणिताच्या विद्यार्थ्यानें दारूबाजीच्या कारणांवर एक व्याख्यान दिलें आणि दारिद्र्याचें मूळ अमर्याद संततींत आहे, संततीचें नियमन करावें, असें त्यांत उघड सांगितलें. विद्यापीठानें त्याला समज दिली. पुढें १९१० सालीं धर्मनिंदेपायीं त्यानें दोन महिने तुरुंगवासही भोगला. आपल्याकडील रघुनाथराव कर्व्यांची येथें आठवण व्हावी, इतकें दोघांच्या स्वभावांत साम्य आहे. परंतु विक्सेलची कीर्ति दुसऱ्याच गोष्टीवर उभी आहे. १८९८ सालीं त्यानें व्याज व किमती यांवर ग्रंथ लिहून दाखविलें कीं, भांडवलापासून मिळणारा स्वाभाविक लाभ व बँकेचा व्याजदर यांत अंतर पडलें कीं किंमती हालूं लागतात, आणि तें अंतर आहे तोंपर्यंत त्या हालतच राहतात. म्हणून बँकेनें किमतींवर नजर ठेवून व्याजाचा दर खालीं-वर करावा. परिषदेंतील जवळ जवळ प्रत्येक निबंध या एका विचाराच्या खांद्यावर बसून बोलत होता.

त्याचा प्रतिपक्षीही उप्सालाचाच: प्राध्यापक डाव्हिड डाव्हिडसन. यानें १८९९ सालीं अर्थशास्त्राचें मासिक काढलें, आणि त्यांतच दोघांचा वाद वर्षानुवर्षें चालला. विक्सेल म्हणे, किंमती स्थिर ठेवाव्या. डाव्हिडसन म्हणे, तसें नव्हे. उत्पादन वाढून माल स्वस्त होण्यासारखा असेल तर त्यास स्वस्त होऊं द्यावें, म्हणजे निश्चित वेतनावर राहणाऱ्यालाही प्रगतीचा वांटा मिळेल. पीक बुडालें तर किंमत चढूं द्यावी. दोघेही एकमेकांशीं सभ्यपणें भांडले. मासिकाच्या संपादकानें आपल्याविरुद्धचे लेख स्वतःच छापावे, ही चाल आम्हांस मराठी मासिकांतही फार पाहावयास मिळाली नाहीं!

या वादाचा उपयोग लौकरच पडला. १९३१ च्या २१ सप्टेंबरला इंग्लंडनें सोन्याचें प्रमाण सोडलें. सहा दिवसांनीं स्वीडननेंही सोडलें. इतर देश सोन्याच्या आठवणीनें व्याकुळ झाले असतां स्वीडनच्या अर्थमंत्र्यानें जाहीर केलें कीं, क्रोनाची देशांतील क्रयशक्ति सांभाळणें हेंच यापुढें आमचें धोरण. तें कसें सांभाळावें, हें विचारण्यासाठीं रिक्सबँकेनें तीन पंडितांकडे प्रश्न पाठविले: गुस्ताव्ह कासेल, एली हेक्शर व डाव्हिड डाव्हिडसन. तिघांचीही विद्या उप्सालांत झालेली; डाव्हिडसन तर तेथेंच राहत होते व त्यांचें वय सत्याहत्तर होतें. विक्सेलला जाऊन पांच वर्षें झालीं होतीं. मंदीच्या त्या भयंकर वर्षांत स्वीडनमधील किमती बऱ्याच स्थिर राहिल्या, आणि चलन पूर्वीच्या दरावर ओढून आणण्याचा खटाटोप कोणी केला नाहीं.

याच बँकेनें १९९२ च्या सप्टेंबरांत क्रोनाचा ठरलेला दर राखण्यासाठीं बँकांना देण्याच्या कर्जाचें व्याज शेंकडा पांचशेंवर नेलें होतें, आणि तरीही १९ नोव्हेंबरला तो दर सोडावाच लागला. पुढच्या जानेवारींत महागाई शेंकडा दोनच्या आसपास ठेवण्याचें उद्दिष्ट तिनें जाहीर केलें. परिषदेंत एका वक्त्यानें हा सर्व प्रसंग आंकड्यांच्या तक्त्यांसह सांगितला. सभागृह स्तब्ध होऊन ऐकत होतें.

क्रिस्टिएर्निन १७९९ पर्यंत जगला. त्याचीं तीं व्याख्यानें स्वीडिश भाषेंत असल्यामुळें देशाबाहेर कोणीं वाचलीं नाहींत. रॉबर्ट ईगली या अमेरिकन पंडितानें त्यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें तें १९७१ सालीं, म्हणजे दोनशें दहा वर्षांनीं.